मिठाच्या चौकीवरली बाई

१५ जानेवारी १९९७, रामवाडी, पेण

काल संक्रांतीला शांती आणि जावई रोह्याहून आले होते. तिळगुळाबरोबर जावयांनी त्यांच्या धाटावच्या कंपनीची ही डायरी दिली. म्हणाले, "आई, तुम्हांला बोलायला माणसं पुरत नाहीत. उरलेलं यात लिहा." जावई असून टोमणा मारला. पण डायरी चांगली आहे, कागद गुळगुळीत. सातवीत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं, ते अजून फार बिघडलेलं नाही.

शांतीने माझ्यासाठी कुड्या आणल्या. म्हटलं, तान्ही असताना तूच माझी उजव्या कानाची पाळी ओढून फाडलीस, आता एका कानात घालून मिरवू का? तर म्हणे घाल, फोटो काढू. माझ्या फोटोंचं न बोललेलं बरं. तिच्या लग्नात एवढे फोटो काढले, त्यात माझा एकच धड आला, तोही आचाऱ्याशी भांडताना. हात कमरेवर, ओठ मुडपलेले. तो मी अल्बममध्ये लावू दिला नाही.

लिहायचं होतं ते वेगळंच. आज सकाळी रोह्याचे हैबतराव आले. मूळचे आपल्या खाडीकडचे, नोकरीमुळे रोह्याला राहिले. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतात म्हणून समिती झाली आहे, तिचे ते अध्यक्ष. धरमतरच्या अलीकडे खाडीवर जुनी मिठाची चौकी आहे. तीसच्या साली तिथे खाडीच्या लोकांनी सरकारचा कायदा मोडून मीठ उचललं, मार खाल्ला, तुरुंगात गेले. त्या चौकीच्या लांब भिंतीवर तो सगळा प्रसंग सिमेंटमध्ये उठवून काढायचा. माणसाएवढी माणसं, उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावीत अशी. आणि हे काम आमच्या ह्यांनी करावं.

ह्यांनी जन्मभर गणपती केले. त्यातही ह्यांचं नाव आहे ते डोळ्यांच्या आखणीसाठी. मूर्ती पाटावर ठेवली आणि माणूस पूजेला पुढ्यात बसला की बाप्पाची नजर बरोबर त्याच्या नजरेला मिळते. दुसऱ्या कारखान्यांतूनही डोळ्यांसाठी ह्यांनाच बोलावणं येतं. पण माणसं कधी केली नाहीत.

हैबतराव गेल्यावर मी विचारलं, "माणसं जमतील का?"

"ठाव नाय," हे म्हणाले. "पन माजं येकबी काम पान्यात गेल्याबिगर ऱ्हायलं नाय गो. येक तरी ऱ्हाऊं दे."

मी टोमणा न मारता उठून चहा टाकला. असं क्वचित होतं.

२ फेब्रुवारी

आज मी पहिल्यांदा भिंत बघायला गेले. अलिबागच्या एस्टीतून उतरले आणि मिठागरांच्या बांधावरून चालत गेले. दोन्ही बाजूंना मिठाच्या पांढऱ्या राशी, डोळे दिपतात. चौकीला छप्पर राहिलेलं नाही. काळ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत आणि आत भरतीचं पाणी येऊन तिवरं वाढली आहेत. पण रस्त्याकडची लांब भिंत अजून खणखणीत आहे.

जगन गवंडी भिंतीवर सिमेंट थापतो आणि ते ओलं आहे तोवर हे कोरून घेतात. गणपतीच्या सोंडेची, बोटांची जी हत्यारं तीच. एकूण चार देखावे आहेत. पहिल्यात ओहोटीला जमलेले लोक ओंजळीने मीठ उचलतात. दुसऱ्यात लाठ्या घेतलेले पोलीस, तिसऱ्यात मिठाच्या पाट्या नेणाऱ्या बायका, आणि चौथ्यात दोरीने बांधलेले कैदी मचव्यात चढतात. त्या कैद्यांत पुढचे हैबतरावांचे वडील. ते तुरुंगातून परत आलेच नाहीत; त्यांचा जुना फोटो हैबतरावांनी आणून दिला आहे.

पहिला देखावा पुरा झालाय आणि मी तो बघतच राहिले. एका म्हाताऱ्याची ओंजळ अशी केली आहे की बोटांच्या फटीतून मीठ गळतंय असं वाटतं. सिमेंट गळेल कसं? पण मी बोट लावून बघितलं. जगन हसला. हसू दे. घरात इतकी वर्षं ज्या माणसाला मी टॉवेल कुठे टाकला म्हणून ओरडते, त्याच्या हातात हे होतं हे मला ठाऊक नव्हतं. मला फार अभिमान वाटला. तोंडावर सांगितलं नाही, डोक्यावर बसतील.

२१ फेब्रुवारी

तिसरा देखावा झाला. बायका सुंदर आहेत, पाट्यांच्या भाराने मानेच्या शिरा ताणल्या आहेत त्यासुद्धा दिसतात. लुगड्यांचे काष्टे चिखलात भिजून जड झालेत ते कळतं. सगळं छान. पण मधोमध एक बाई आहे ती माझ्या डोक्यात गेली.

सगळ्या बायका चालतायत आणि ही उभी आहे. पाटी खाली ठेवलेली, एक हात कमरेवर, ओठ मुडपलेले, समोरच्याला आता चार शब्द सुनावणार अशी. भांडखोर दिसते. शिवाय कानही धड केला नाही, उजवी पाळी तुटल्यासारखी. मी जगनला म्हटलं, अरे इथलं सिमेंट पडलंय, भरून घे. तो मान खाली घालून पाणी आणायला गेला.

ह्यांना विचारलं, "ही कोण?"

"हाय येक."

"खाडीवरची आहे का कुणी?"

"नाय. रोज दिसते."

रोज दिसते! महिनाभर हे रोज इथे येतात. चौकीच्या पलीकडे एक बाई चहाची टपरी चालवते. मी परतताना मुद्दाम तिथे चहा प्यायले आणि तिच्याकडे नीट बघितलं. तिचे दोन्ही कान धड आहेत. तरी मला चैन पडलं नाही, हे इथे खरं लिहून ठेवते.

१८ मार्च

आज डोळे केले. डोळे नेहमी शेवटी. त्या दिवशी हे आखणी होईतो अन्न घेत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत आणि पाठीमागे कुणी उभं राहिलेलं चालत नाही. घरच्या शेडमध्ये मी दारात बसून लोकांना अडवते. इथे दार नाही, म्हणून मी रस्त्याच्या तोंडाशी उभी राहिले. मिठागरावरचे गडी, शाळेची पोरं, एक सायकलवाला, सगळ्यांना लांबून पाठवलं. एक पोलीस हवालदार आला, त्यालाही थांबवलं. "आत काय चाललंय?" म्हणाला. मी म्हटलं, "डोळे उघडतायत." तो बिचारा टोपी काढून थांबला.

उन्हं उतरल्यावर ह्यांनी हाक मारली. हातावर काळा रंग, चेहरा उतरलेला, पण समाधानी. म्हणाले, "झालं. आता ती त्यांची ती." मी डबा उघडला, भाकरी आणि सुकटीची चटणी होती. दोघं बांधावर बसून, भिंतीकडे पाठ करून खाडीकडे बघत जेवलो. अंधार पडत होता म्हणून डोळे नीट बघायचे राहिले.

२९ मार्च

आजचं लिहायला हात उचलत नाही.

समितीची माणसं बघायला आली होती. हैबतराव पांढऱ्या पँट-शर्टात, सत्तरी उलटली तरी काठीसारखे ताठ. पहिल्या देखाव्यापासून चौथ्यापर्यंत सावकाश चालत गेले. मधे दोनदा "वा" म्हणाले. वडिलांपुढे मात्र बराच वेळ उभे राहिले आणि मग वळले.

"काळुराम, तुमच्या कामाला तोड नाही. पण हे सगळे खाली का बघतायत?"

मी बघितलं तर खरंच. एवढी जिवंत माणसं, पण एकाचीही नजर समोर नाही. कैद्यांची खाली, बायकांची खाली, लाठीवाल्या पोलिसाचीसुद्धा खाली, गरीब गाईसारखी.

हैबतरावांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझे वडील मान वर करून मचव्यात चढले. आई शेवटपर्यंत सांगायची. इथे ते लाजल्यासारखे दिसतात. हे मला लोकांना दाखवता येणार नाही."

मला वाटलं हे भांडतील. हे भिंतीपुढे उभे राहिले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाले, "व्हय. चुकलं. हात गनपतीच्या डोल्याला सरावलाय, तसाच फिरला."

मग ठरलं की मुंबईहून एक शिल्पकार येईल, सगळे डोळे घासून काढील आणि नवे करील. एक मेला उद्घाटन आहे. मीच भांडले असते समितीशी, त्यात मला कुणी हरवलेलं नाही. पण मलाही तसंच दिसत होतं, मग कुठल्या तोंडाने भांडू?

८ एप्रिल, पाडवा

गुढी उभारली, गोड केलं, ह्यांनी दोन घास खाल्ले. शेडमध्ये गणपती रांगेने तयार आहेत, रंग झालेत, फक्त डोळे नाहीत. रोज सकाळी हे पुढ्यात बसतात, ब्रश उचलतात आणि खाली ठेवतात. आज मी सरळ विचारलं.

म्हणाले, "हाताला येकच डोला ठावा. त्यो चुकीचा निघाला."

"भिंतीवर चुकीचा. गणपतीला कुठे चुकीचा?"

"आता मना खातरी नाय गो."

मला रडू आलं. हा माणूस तापात फणफणत असतानासुद्धा डोळे करत असे. भिंतीवरचे डोळे गेले तर जातील, पण ह्यांचा हात गेला तर काय उरलं?

दुपारी शांती आली होती. तिला भिंत बघायची होती, घासायच्या आधी. मी घेऊन गेले. सगळं बघून ती तिसऱ्या देखाव्यापुढे थांबली आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, "काही नाही. आई, ही कोण गं?" मी म्हटलं, तुझ्या बापाला विचार, मला सांगत नाहीत, असेल कुणीतरी भांडकुदळ. तर आणखी हसली. घरी आल्यावर बापाच्या गळ्यात पडली. ह्या मुलीचं वागणं मला कधी कळलं नाही.

१७ एप्रिल

आज काय झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम लिहीन.

मुंबईचे शिल्पकार आज भिंत बघायला येणार होते. हे घरीच थांबले, म्हणाले तू जा. मी गेले कारण कुणीतरी आपलं माणूस तिथे असावं. शिल्पकार सभ्य होते, काम बघून त्यांनी भिंतीला हातच जोडले. म्हणाले, डोळ्यांना हात लावायची मला भीती वाटते. हैबतराव म्हणाले, मलाही वाईट वाटतं, पण इलाज नाही. नवे डोळे कसे हवेत ते शिल्पकारांना सांगायला त्यांनी धोंडुबाईला बोलावलं होतं. तीसच्या सालचं डोळ्यांनी बघितलेलं आता तेवढंच एक माणूस राहिलं आहे. तेव्हा ती दहा-बारा वर्षांची पोर होती.

सहा आसनी रिक्षातून तिला आणलं. वाकलेली, हातात काठी. समितीने तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. तिने खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, "नको गो बाय. त्यान माजं पाय लटकतान." आणि चौथ्या देखाव्यासमोर सरळ जमिनीवर बसली. कनवटीची चंची काढली, पान लावलं, तोंडात घातलं, आणि मग वर बघितलं.

चघळायची थांबली.

हैबतराव वाकून म्हणाले, "आजी, त्यांची नजर तेव्हा कशी होती ते या साहेबांना सांगा. इथे चुकून खाली झाली आहे."

"चुकून कशी?" म्हातारी म्हणाली. "बगतान की बराबर. माज्याकडंच बगतान."

"आजी, ते खाली बघतायत."

"मंग मी कुठं हाय? वर हाय?" ती थोडी रागावलीच. "आमी सगली पोरा हितं चिखलान बसलेलू. आयांनी बसवून ठेवलेली, उठू नका म्हनून. ती जाताना आमाला बगत गेली. मान ताठ, डोले आमच्याकडं. तू पन व्हतास की. नागडा. माज्या मांडीवर."

हैबतराव तसेच उभे होते. मग म्हातारीने काठीने पुढ्यातली जमीन ठोकली. "पूजंला कोन उबा ऱ्हाते काय? बस."

त्यांनी पांढऱ्या पँटीकडे एकदा बघितलं आणि बसले. गुडघे कटकन वाजले ते मला ऐकू आलं. मांडी घालून वर बघितलं, आणि चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. नंतर तो हातातच ठेवला. हळूच म्हणाले, "मला त्यांचा चेहरा आठवत नव्हता. फोटोवरूनच ठाऊक होता." एवढंच. धोंडुबाईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवतात तसा.

मग शिल्पकार बसले, समिती बसली, जगन बसला. माझाही गुडघा दुखत होताच, मीही बसले. आणि सगळी भिंत आमच्याकडे बघायला लागली. ओंजळवाला म्हातारा, बायका, कैदी. त्या पोलिसाची नजरसुद्धा आता गरीब वाटली नाही, आपल्याच माणसांवर लाठी उचलावी लागते म्हणून खंतावलेली वाटली. इतके दिवस आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. गणपती करणाऱ्याने डोळे केले आणि गणपती घरी आणणाऱ्यांना बसायचं सुचलं नाही.

ती कमरेवर हात ठेवलेली बाईही माझ्याकडे बघत होती. नजर ओळखीची वाटली, पण कुठे बघितली ते आठवेना.

हैबतराव उठताना म्हणाले, "मालूबाई, काळुरामांना सांगा, एकाही डोळ्याला हात लागणार नाही. आणि मी माफी मागायला येतो म्हणावं."

एस्टीची वाट बघवली नाही, मिळेल त्या टेम्पोत बसून आले. ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, माझं मन राखायला सांगतेस. मी म्हटलं, तुमचं मन राखायला मी लग्न होऊन इतक्या वर्षांत कधी काही बोलले आहे का? ते मात्र पटलं.

१८ एप्रिल

सकाळी ह्यांना घेऊन गेले आणि खांद्याला धरून भिंतीपुढे बसवलं. मान वर करून एकेका चेहऱ्याकडे बघत गेले. मग म्हणाले, "मी चुकलोच व्हतो गो. हात चुकला नवता."

परत आल्यावर हातपाय धुऊन शेडमध्ये गेले. दुपारी जेवले नाहीत. मी दारात बसून लोकांना अडवलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

२ मे

काल उद्घाटन झालं. समितीने खुर्च्या परत पाठवल्या आणि भिंतीपुढे लांबच्या लांब सतरंज्या अंथरल्या. अलिबागहून आलेले पाहुणे इस्त्रीच्या कपड्यांत खाली बसताना अवघडले, पण वर बघितल्यावर भाषणांची कुणाला घाई राहिली नाही. हैबतरावांनी स्वतः एक पाटी रंगवून लावली आहे: कृपया बसून पाहावे. धोंडुबाई सगळ्यांत पुढे होती. मी शांतीच्या कुड्या घातल्या होत्या, दोन्ही, उजवी दोऱ्याने बांधून. शांतीने माझा आणि त्या बाईचा एकत्र फोटो काढला. मी म्हटलं, तिच्याबरोबर कशाला? तर म्हणे, राहू दे.

आज पुन्हा शेडमध्ये आखणी चालू आहे. चहा घेऊन मी दारात उभी राहिले. मनात राहिलेलं विचारून टाकलं.

"अहो, आता तरी सांगा. ती तिसऱ्यातली कोण?"

हे एका मोठ्या मूर्तीच्या डाव्या डोळ्यावर होते. ब्रश उचलला नाही, मान वळवली नाही. आखणीच्या वेळी हे कधी बोलत नाहीत, आज बोलले.

"दारातनं बाजूला हो, उजेड आडतोय. आनि कमरेवरचा हात काढ आधी."

मी खाली बघितलं. एका हातात कपबशी होती, दुसरा कमरेवर होता. ओठांचं मला कळत नाही, पण तेही मुडपलेलेच असणार. मी हात काढून कानाला लावला. पाळीला अजून दोरा होता.

आत येऊन मोरीच्या आरशात बघितलं. मग चहा गार झाला म्हणून दुसरा टाकला. ती भिंत पाण्यात जायची नाही. पोरांची पोरं येतील, खाली बसतील, आणि ती बाई त्यांच्याकडे बघेल, आता चार शब्द सुनावणार अशी.

मी तिच्याबद्दल मागे बरंच लिहिलंय, ते खोडणार नाही. पण तशी ती दिसायला वाईट नाही.